किमोच्या दिवसांत पोटात किती गेलं?

नोव्हेंबर २०२४मध्ये माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली. पत्नी डॉ. नवज्योत कौर चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरमधून बाहेर पडल्याचं सांगताना त्यांनी पत्नीचा आहारही सांगितला. साखर बंद, दूध बंद, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, दोन जेवणांत मोठं अंतर. दोन दिवसांत ती चित्रफीत घरोघरच्या फोनवर येऊन पडली. लगोलग मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांच्या नावाने पत्रक निघालं: या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. डॉ. कौर यांची शस्त्रक्रिया आणि किमो झाली होती हे त्याच बातम्यांत होतं. फॉरवर्ड होता होता तेवढंच नेमकं गळलं. पुढे सिद्धूंनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिल्याचं स्पष्ट केलं, पण स्पष्टीकरणं कोण फॉरवर्ड करतं?

पत्रकाने अफवेला उत्तर दिलं, घरातला प्रश्न मात्र तसाच राहिला. घरात कुणाची किमो सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात फोन सुरू होतात. "दही देता का? देऊ नका हं." "अंडं उष्ण पडेल." "साखर पूर्ण बंद केलीत ना?" जो तो काय बंद करायचं ते सांगतो. आज दिवसभरात पोटात एकूण किती गेलं, हे कुणीच विचारत नाही. पुढची सायकल, म्हणजे किमोची पुढची फेरी, वेळेवर होईल की आठवडाभर ढकलावी लागेल, औषधाचा डोस पूर्ण देता येईल की कमी करावा लागेल, यात या न विचारलेल्या प्रश्नाचा मोठा हात असतो.

आधी साधा हिशेब

अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि शरीर खर्च करतं ती ऊर्जा, यांचा मेळ म्हणजे ऊर्जा संतुलन. माप कॅलरीचं. आहारतज्ज्ञ बोलताना कॅलरी म्हणतात ती शास्त्रात किलोकॅलरी असते, पण आपणही कॅलरीच म्हणू. या खर्चातला मोठा वाटा चालण्या-फिरण्याचा नसतो. माणूस दिवसभर पलंगावर पडून राहिला तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालूच असतात आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. म्हणून "तो नुसता पडून असतो, त्याला कशाला लागतंय एवढं खाणं" हे बरोबर नाही.

किती लागतं? वैद्यकीय पोषणावर काम करणाऱ्या एस्पेन या युरोपीय संस्थेच्या सूचनांनुसार कॅन्सरच्या पेशंटला किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी लागतात. प्रथिनं किलोमागे १ ग्रॅमहून जास्त, जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीत धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं म्हटलंय. म्हणजे आजारी माणसाला प्रथिनं जास्त हवीत. आपण नेमकं उलट करतो. "पचायला हलकं" म्हणून त्याच्या ताटातून आधी डाळ जाते, मग अंडं, मग मासे. उरतो मऊ भात.

समजा, किमोचा चौथा दिवस

५० किलो वजनाची बाई धरू. तिला दिवसाला कमीत कमी १२५० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. दहाला शहाळं, कारण भेटायला आलेल्यांनी आणलंय आणि ते "थंड" असतं. दुपारी अर्धी वाटी मऊ भात, त्यावर वरणाचं वरचं पाणी. चारला मोसंबीचा रस. रात्री तांदळाची पेज, चवीला मीठ. घरच्यांना वाटतं, दिवसातून पाच वेळा खाल्लं, बरं खाल्लं.

बेरीज केली तर सगळं मिळून ५०० कॅलरींच्या आसपास भरतं, आणि प्रथिनं जेमतेम ८-९ ग्रॅम. शहाळ्याच्या सगळ्या पाण्यात ५०-६० कॅलरी असतात. उलट्या-जुलाबांत पाणी आणि क्षार भरून काढायला ते चांगलं, पण त्याला जेवण म्हणता येत नाही. वरणाची डाळ तळाशी राहते आणि आपण वरचं पाणी वाढतो. साबुदाण्यात तर प्रथिनं औषधालाही सापडत नाहीत. त्याची खीर दुधात केली असेल तर जे काही मिळतं ते दुधाचं.

पदार्थ फारसे न बदलता हाच दिवस बराच सुधारता येतो. पेज पाण्याऐवजी निम्म्या दुधात करायची, किंवा तांदळाबरोबर मूगडाळ घालून पातळ खिमटी करून मिक्सरमधून काढायची. वर एक चमचा तूप घातलं की जवळपास ४५ कॅलरी वाढतात, आणि पेशंटला जास्तीचा एक घासही घ्यावा लागत नाही. दोन मोठे चमचे दूध पावडर घातली की ८० कॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनं. चहाऐवजी कपभर दूध. एका उकडलेल्या अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ते चार वेळा मिळून खाल्लं तरी चालतं. शेंगदाण्याचं बारीक कूट, पनीर कुस्करून, दाट दही, सोयाबीनचं पीठ, मांसाहारी घरात चिकनचं मिक्सरमधून काढलेलं सूप. सूप म्हणताना सावध राहावं लागतं: नुसत्या उकळलेल्या पाण्यात चव उतरते, प्रथिनं त्या तुकड्यांतच राहतात. तुकडे वाटून त्यात घातले तरच उपयोग.

मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही यादी जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आकडे ठरवतात.

"कमी खाल्लं तर वजन उतरणारच, त्यात एवढं काय?"

नुसता उपाशी माणूस आणि कॅन्सरने खंगणारा माणूस, दोघांचं वजन उतरतं, पण उतरण्याची तऱ्हा वेगळी. उपाशी माणसाचं शरीर शहाणं असतं. चार दिवस अन्न मिळालं नाही की ते खर्चाला कात्री लावतं, साठवलेली चरबी काढतं आणि स्नायूंना शक्य तेवढा हात लावत नाही.

कॅन्सरमध्ये ही काटकसर बिघडू शकते. गाठीमुळे आणि तिच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे रक्तात दाह वाढवणारी रसायनं फिरतात. ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला गप्प करतात, यकृताला वेगळ्याच प्रथिनांच्या कामाला लावतात, आणि त्यासाठीचा कच्चा माल स्नायू मोडून पुरवला जातो. वजन उतरत असलेल्या कॅन्सर पेशंटपैकी जवळपास निम्म्यांत विश्रांतीचा खर्चही वाढलेला आढळतो. आवक घटलीय आणि खर्च घटत नाही. सरपण संपलं म्हणून घराचेच वासे काढून चुलीत घालावेत, तसा प्रकार. चूल पेटती राहते, पण छप्पर कशावर उभं राहणार?

या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तिची व्याख्या ठरवली: स्नायू सतत घटत जातात (चरबी घटो वा न घटो), आणि नेहमीच्या जास्तीच्या खाण्याने ते पूर्ण भरून येत नाही. खूण अशी की सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरतं. मुळात सडपातळ असलेल्या किंवा स्नायू आधीच कमी असलेल्या माणसात २ टक्क्यांवरच घंटा वाजायला हवी. ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ३ किलोंहून जास्त गेले, तर एरवी आपण त्याला "छान बारीक झालास" म्हणतो.

एक आकडा मला यात फार बोलका वाटतो. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. एक किलो स्नायूत बरंचसं पाणीच असतं, ते मोडून मिळतात अंदाजे १००० कॅलरी. म्हणजे तेवढीच तूट चरबीतून भागवली तर एक किलो उतरेल, स्नायूंतून भागवली तर सात-आठ किलो. महिन्याभरात माणूस निम्मा दिसायला लागतो तो यामुळे. आणि स्नायू म्हणजे नुसते दंड-मांड्या नव्हेत. खोकून कफ काढायला स्नायू लागतात, श्वासाला लागतात, संडासापर्यंत चालत जायला लागतात. स्नायू कमी असलेल्या पेशंटना किमोचे दुष्परिणामही जास्त जाणवतात.

गाठच सगळं अन्न खाऊन टाकते का? साधारणपणे नाही. बहुतेक गाठी शरीराच्या मानाने लहान असतात. त्या खातात त्याहून जास्त नुकसान त्या सोडतात त्या संदेशांनी होतं. एक भानगड मात्र खरी आहे. गाठीच्या पेशी ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि त्याचं लॅक्टेट करून सोडतात. ते करताना त्यांना एटीपी नावाचे ऊर्जेचे २ रेणू मिळतात. यकृत ते लॅक्टेट गोळा करून पुन्हा ग्लुकोज बनवतं, त्यात ६ रेणू खर्चतं. हे चक्र कोरी दांपत्याने शोधलं, १९४७च्या नोबेलचे ते मानकरी. धडधाकट माणसातही व्यायामाच्या वेळी ते चालतं. मोठी गाठ असेल तर ते अहोरात्र चालतं, आणि प्रत्येक फेरीत शरीराचा घाटा.

किमो यात काय भर घालते

किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हाडांतली रक्त बनवणारी मज्जा हे सगळे त्याच जातीचे, म्हणून तेही सापडतात. तोंड येतं, जुलाब होतात, जिभेवर लोखंड ठेवल्यासारखी चव येते. मळमळीवरची औषधं आता चांगली आहेत, पण त्यांतल्या काहींनी बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की भूक कुठून लागणार? ही साखळी घरात कुणाच्या लक्षात येत नाही. चार दिवस पोट साफ झालेलं नाही हे डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात.

दर २१ दिवसांनी किमो असेल तर त्या तीन आठवड्यांची एक लय असते. पहिले एक-दोन दिवस किमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे कधी कधी भूक बरी असते. मग तीन-चार दिवस नको नको होतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात, लोक म्हणतात "काउंट उतरले". तिसऱ्या आठवड्यात माणूस जरा माणसात येतो. हा आठवडा फार मोलाचा आहे, आणि नेमका याच आठवड्यात सगळे सुटकेचा श्वास टाकून सैल पडतात. पहिल्या आठवड्याची तूट इथेच भरून काढायची असते. चौथ्या दिवशी एकेक चमचा भरवत डोळ्यांत पाणी आणण्यापेक्षा सोळाव्या दिवशी दोन अंडी जास्त खाल्लेली परवडली. दर आठवड्याला किमो असेल तर असा मोकळा आठवडा मिळत नाही. तिथे रोज थोडं थोडं हाच मार्ग.

कुठल्याही किमो डे-केअरमध्ये दुपारी एकच्या सुमारास बघा. नातेवाईक मोठ्या हौसेने डबा उघडतात. आवडतं म्हणून भरलं वांगं केलेलं असतं. झाकण निघताच लसणीच्या फोडणीचा वास सुटतो आणि सलाइन लावलेला माणूस भिंतीकडे तोंड फिरवतो. यात दुहेरी नुकसान आहे. १९७८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांना किमोच्या आधी एका नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर बरीच मुलं त्या आइस्क्रीमला तोंड लावीनात. मळमळ आणि चव यांची गाठ मेंदू फार घट्ट बांधतो. म्हणून किमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ नेऊ नये. त्या दिवशी बेचव, कोमट, वास नसलेलं काही न्यावं आणि भरलं वांगं तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावं.

फोडणी पेशंट दुसऱ्या खोलीत असताना करावी. लोखंडी चव लागत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा. तोंड आलेलं नसेल तर आमसूल, लिंबू, थोडं लोणचं यांनी लाळ सुटते. गार पदार्थांना वास कमी येतो म्हणून ते बरे वाटतात, पण ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल तर गार वस्तू घशाला आणि बोटांना झोंबते. त्यांना गार काही देऊ नये.

"पण साखरेवरच कॅन्सर वाढतो ना?"

ही समजूत हवेतून आलेली नाही. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं की गाठीच्या पेशी ग्लुकोज फार ओढतात. आजचा पेट स्कॅन याच गुणावर चालतो: किरणोत्सर्गी खूण लावलेलं ग्लुकोज टोचतात, आणि जिथे ते जास्त ओढलं जातं ती जागा चमकते. तो चमकणारा रिपोर्ट पाहून आलेला माणूस घरी येऊन साखरेचा डबा माळ्यावर टाकतो, तर त्यात नवल नाही.

पण रक्तातलं ग्लुकोज फक्त साखरेच्या डब्यातून येत नाही. तुम्ही साखर, गूळ, भात, भाकरी सगळं सोडलंत तरी रक्तातली पातळी शरीर टिकवून धरणारच, कारण मेंदूला ते लागतं. यकृत ते तयार करतं, आणि कशापासून? स्नायूंतल्या प्रथिनांपासून. गाठीला तिचा वाटा मिळतोच, बिल स्नायूंच्या नावावर फाटतं.

म्हणजे रोज पेढे खा असं नाही. मधुमेह असेल, किंवा स्टेरॉइडने साखर चढली असेल, तर ती आटोक्यात ठेवायलाच हवी. जाड माणसाने साखर कमी केली तर एरवी भलंच आहे. पण ज्याचं वजन उतरतंय, ज्याला जेमतेम खीर जातेय, त्याच्या खिरीतली साखर काढून घेण्याने कॅन्सरचं काही बिघडत नाही. दुधाचंही तेच. जुलाब होत असतील तर काही दिवस दूध सोसत नाही, तेव्हा दही-ताक चालतं. बाकी दूध सोडायला कारण नाही.

"उपास केला तर किमो जास्त लागू पडते म्हणे"

यावर संशोधन चालू आहे आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. कल्पना अशी की उपाशी असताना निरोगी पेशी वाढ थांबवून दबा धरतात, कॅन्सरच्या पेशींना ते जमत नाही, म्हणून औषध त्यांनाच जास्त लागेल. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. किमोच्या आधीचे तीन दिवस आणि किमोच्या दिवशी अगदी कमी कॅलरींचा, उपासासारखा आहार. स्कॅनवर गाठ आकसण्याचं प्रमाण त्या गटात बरं दिसलं. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत गाठ पूर्ण नाहीशी झालेल्यांच्या संख्येत फरक नव्हता, दुष्परिणामांची तीव्रताही दोन्ही गटांत सारखीच होती, आणि बऱ्याच जणींना हा उपास सगळ्या सायकलना पाळता आला नाही. शिवाय त्या सगळ्या वजनाने बऱ्या, मधुमेह नसलेल्या, देखरेखीखाली होत्या. जठराच्या कॅन्सरने दहा किलो उतरलेल्या काकांना हा निष्कर्ष लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून रस्ता ओलांडणं.

राहिला प्रश्न श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशीचा. पन्नास वर्षांचा नेम एकदम मोडायचा म्हणजे बाईमाणसाला खाण्यापेक्षा तेच मनाला लागतं. मग उपासालाच चालणारं भक्कम खावं: दूध, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची दुधातली खीर, पनीर. खिचडी खायचीच तर दाण्याचं कूट हात सैल सोडून. निर्जळी मात्र किमोच्या काळात नाहीच. मूत्रपिंडाला झेपत नाही.

"आमच्या वहिनींचं तर वजन वाढलं!"

वाढतं. स्तनाच्या कॅन्सरची किमो घेणाऱ्या बऱ्याच जणींचं वाढतं. पाळी अकाली बंद होते, स्टेरॉइडने भूक खवळते, हालचाल कमी होते, आणि येणारा-जाणारा "खा गं, ताकद येईल" म्हणून लाडू ठेवून जातो. यातली फसवी गोष्ट अशी की काट्यावर आकडा चढत असताना आतून स्नायू घटत असू शकतात आणि वर चढते ती चरबी. अशा बाईला तूप-साखरेचा भडिमार नको. तिला प्रथिनं पुरेशी, तळलेलं बेताचं आणि रोज चालणं. म्हणूनच एकीचा आहार दुसरीला लावू नये. एकाच वॉर्डात शेजारच्या दोन पलंगांवर दोन उलटे सल्ले बरोबर असू शकतात.

काट्याचा आणखी एक चकवा म्हणजे पाणी. पोटात किंवा पायांवर पाणी धरलं की वजन स्थिर दिसतं आणि दंड काड्यांसारखे झालेले असतात. कपडे, अंगठी, बांगड्या सैल झाल्या का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, हे काट्याइतकंच बघावं.

आणि चालायला हवं. "विश्रांती घे, काही करू नकोस" हा प्रेमाचा सल्ला स्नायूंना महागात पडतो. नुसती प्रथिनं खाऊन स्नायू बनत नाहीत, त्यांना कामही लागतं. घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं चालणं, खुर्चीतून उठबस, पाण्याची बाटली उचलणं. रक्त फार कमी असेल, हाडांत कॅन्सर असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

कच्चं, बाहेरचं आणि हिरवे रस

काउंट उतरलेले असताना पोटातून होणारा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळं, कच्ची अंडी, अर्धवट शिजलेलं मटण, सकाळचं उघडं राहिलेलं अन्न टाळायचं. पण त्यावरून "फळं पूर्ण बंद, सगळं उकडूनच" असा नियम अनेक घरांत चालतो, त्याला मात्र आधार कमी आहे. अमेरिकेत रक्ताच्या कॅन्सरच्या १५३ पेशंटवर झालेल्या आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त शिजवलेलं खाणाऱ्यांत आणि कच्ची फळं-भाज्याही खाणाऱ्यांत गंभीर संसर्गाचं प्रमाण सारखंच निघालं. नीट धुतलेलं, सोललेलं केळं, संत्रं, पपई खायला हरकत नसते.

गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल, कसली कसली चूर्णं: यांतली काही औषधांशी भांडतात, काही यकृतावर येतात, आणि ती घेऊन भरलेल्या पोटात मग दूध-अंडं मावत नाही. भाजीतली हळद चालू द्या. कॅप्सूलमधली असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवा. डब्यातल्या महागड्या प्रथिन पावडरीही सगळ्यांना लागत नाहीत. खाणं जात नसेल तेव्हा त्या कामाच्या, एरवी दूध पावडर, दही आणि सोयाबीन बरंच काम स्वस्तात करतात.

नळीची भीती

महाराष्ट्रात तंबाखू-गुटख्याने होणारे तोंडाचे कॅन्सर खूप. त्यात गिळताच येत नाही. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले की घरचे हबकतात: "नळी घातली म्हणजे संपलं." उलट, नळी वेळेवर घातली तर किमो-रेडिएशन न थांबता पुरं करता येतं. गिळायला लागला की ती निघते. जास्त आठवडे लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात, ती कपड्याखाली झाकली जाते. नळीतून नुसता फळांचा रस आणि पेज सोडली तर मात्र हिशेब पुन्हा तोच, ५०० कॅलरींचा. आहारतज्ज्ञ लिहून देतात ते मिश्रण ग्रॅममध्ये मोजून करायचं असतं.

कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरभरून देऊ नये. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो. ते हॉस्पिटलमध्ये हळूहळू वाढवतात.

भुकेची औषधं

पुदुच्चेरीच्या जिपमेर या संस्थेत १२४ पेशंटवर झालेली चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. ओलांझापिन हे जुनं, स्वस्त औषध. मूळचं मानसिक आजारांवरचं, मळमळीवरही वापरतात. रोज अवघे २.५ मिलिग्रॅम, किमोबरोबर १२ आठवडे. ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले औषधाच्या गटात ६० टक्के, दुसऱ्या गटात ९ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सूचनांत या औषधाला जागा दिली. त्याने झोप येते, म्हणून रात्री देतात. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. चिठ्ठीवर मानसिक आजाराच्या औषधाचं नाव पाहून घाबरून ते बंद करणारे नातेवाईक असतात, म्हणून हे सांगितलं.

अॅनामोरेलिन हे भुकेच्या संप्रेरकाची नक्कल करणारं औषध जपानने २०२१मध्ये मंजूर केलं. युरोपने २०१७मध्ये ते नाकारलं होतं, कारण वजन थोडं वाढलं तरी हाताच्या पकडीची ताकद वाढल्याचं दिसलं नाही. जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन कॅन्सरमध्ये वाढतं आणि मेंदूला भूक मारायला लावतं. त्याला अडवणारं पोन्सेग्रोमॅब २०२४मध्ये १८७ पेशंटवर तपासलं, सर्वांत मोठ्या डोसच्या गटाचं वजन १२ आठवड्यांत नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नकली डोस, घेणाऱ्यांपेक्षा जवळपास २.८ किलोंनी जास्त भरलं. ते अजून चाचण्यांत आहे.

किती मागे लागायचं?

"खात नाही" यावरून घराघरांत भांडणं होतात. भूक नसणं हा हट्ट नाही, रक्तातली रसायनं ती मारतात. ताट भरून समोर ठेवण्यापेक्षा दर दोन तासांनी चार घास ठेवावेत, न खाल्ले तर मुकाट उचलावेत. आणि आजार अगदी शेवटच्या आठवड्यांत गेला असेल, उपचार थांबवून फक्त त्रास कमी करणं चालू असेल, तर कॅलरी मोजणं सोडून द्यावं. त्या टप्प्यावर जबरदस्तीने भरवलेलं अन्न शरीर वापरत नाही, उलट मळमळ आणि ठसका वाढतो. हा टप्पा आलाय का हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, घरातल्या कुणाच्या अंदाजाने नव्हे.

किमो चालू असणाऱ्याने आहारतज्ज्ञाची भेट पहिल्याच सायकलला मागून घ्यावी. वजन दहा किलोंनी उतरेपर्यंत थांबू नये. जाताना सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि तीन दिवसांत काय काय, किती वाट्या खाल्लं याची वही न्यावी. घरी आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन करून त्याच वहीत लिहावं. दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, जुलाब थांबत नसतील, तोंड इतकं आलं असेल की थुंकी गिळता येत नाही, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला फोन करावा.